गोट्या

गोट्या हा ओरांडा जातीचा गोल्डफिश. आखूड अंग, वाटोळं पोट, डोक्यावर तांबूस मांसल उंचवटा आणि लांब झुळझुळीत शेपूट. आई टाकीजवळ आली, की तो काचेशी हजर. रात्री दिवा लावला, तर तळापासून वीतभर वर अधांतरी थांबलेला दिसे.

ते थांबणं म्हणजे विश्रांती नव्हे, हे पुढे कळलं. माशाचं मांस आणि हाडं पाण्याहून जड. नुसतं सोडलं तर तो बुडायचाच. पाठीच्या कण्याखालचा वाताशय, म्हणजे वायूची पिशवी, तो जडपणा भरून काढतो. गोड्या पाण्यातल्या माशांत ती शरीराच्या घनफळाच्या साधारण ७ ते ८ टक्के असते. गोल्डफिशच्या पिशवीला दोन कप्पे असतात आणि एका बारीक नळीने ती अन्ननलिकेला जोडलेली असते. मासा वर येऊन हवा गिळतो, जास्तीची नळीतून सोडतो. खोल गेलं की दाबाने पिशवी आकसते आणि तो जड होतो. वर आलं की ती फुगते. शिवाय कल्ल्यांतून सुटणारं पाणी त्याला पुढे ढकलत असतं, म्हणून छातीचे पर सारखे उलटे वल्हवायचे.

एका पावसाळ्यात गोट्या उलटा झाला. पोट वर, डोकं खाली. सगळी ताकद लावून तळाकडे जाई, दमला की पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, "फुगलेलं आतडं पिशवीवर दाबतंय. आखूड अंगाच्या जातींत हे नेहमीचंच. दोन-तीन दिवस उपास, मग उकडलेला मटार, साल काढून." आई मटाराचा कण चिमटीत धरून पाण्यात बोट बुडवी, आणि गोट्या उलट्या अंगाने येऊन तो टिपून घेई. हळूहळू सरळ झाला. पुढेही अधूनमधून कलंडायचा, सावरायचा. असाच कितीतरी वर्षं जगला.

त्याचे पूर्वज चीनमधले, सडपातळ अंगाचे. माणसांनी हजारेक वर्षं हौसेने रंग आणि आकार निवडत नेले; काही जातींचं अंग इतकं आखूड केलं, की आतड्याला आणि पिशवीला जागाच पुरेना. जे रूप आपण घडवलं, त्याचं दुखणं निस्तरणं आपल्याकडेच येतं.

गोट्यानंतर आईने लांबट अंगाचेच मासे आणले. दुकानात कुणी गोल पोटाचा मासा निवडताना दिसलं, की ती थांबून आधी त्या पिशवीबद्दल सांगते, आणि तरीही तोच न्यायचा असेल, तर मटार कसा सोलायचा तेही.