बर्फाचे दिवस

*

ध्रुवीय अस्वल पोहण्यात तरबेज असते, पण त्याचे मुख्य भक्ष्य असलेला सील त्याला मोकळ्या पाण्यात क्वचितच सापडतो. म्हणून त्याला गोठलेला समुद्र लागतो. सीलला श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी वर यावेच लागते, आणि अस्वल त्या भोकाशी न हलता तासन्‌तास बसून राहते. वसंतात सीलची पिल्ले बर्फावरच जन्मतात. त्या थोड्या आठवड्यांत अस्वल वर्षाची बरीचशी चरबी अंगावर चढवते. पुढे बर्फ फुटला की किनाऱ्यावर यायचे, साठवलेल्या चरबीवर दिवस काढायचे आणि समुद्र पुन्हा गोठायची वाट पाहायची. गाभण मादीचा उपास तर आठ महिन्यांपर्यंत लांबतो. त्याच काळात ती बिळात पिल्लांना जन्म देते आणि त्यांना दूधही पाजते. उन्हाने अस्वल तडफडून मरेल असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात त्याला मारतात ते वाढलेले उपाशी दिवस.

*

कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर चर्चिल नावाचे गाव आहे. जगात सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली ध्रुवीय अस्वले या किनाऱ्यावरची. १९८० च्या दशकाशी तुलना केली तर तिथे बर्फाविना जाणारा काळ तीन ते चार आठवड्यांनी वाढला आहे. १९८७ मध्ये या भागात सुमारे १,२०० अस्वले होती. २०१६ च्या हवाई मोजणीत ८४२ आढळली, २०२१ मध्ये ६१८.

मराठवाड्यात आमच्या फुलंब्रीत ज्याने मृगात पेरून पुढे तीन आठवड्यांचा खंड सोसला आहे, त्याला हे आकडे उलगडून सांगावे लागणार नाहीत. वर्षाची सरासरी भरली तरी पाऊस कोणत्या आठवड्यात आला यावर पीक ठरते. अस्वलाचेही तसेच. बर्फ दरवर्षी होतो, पण उशिरा येतो आणि लवकर जातो. आधी पिल्ले जातात, मग म्हातारी अस्वले, आणि शेवटी माद्या वितच नाहीत.

*

‘जमिनीवर दुसरे काहीतरी खाऊन जगतील की’ असे सहज म्हटले जाते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच किनाऱ्यावरच्या २० अस्वलांच्या गळपट्ट्यांवर कॅमेरे बसवले होते. काहींनी पडून राहून शक्ती वाचवली. काही बोरवर्गी फळे, गवत, मेलेले पक्षी शोधत हिंडली. एक तर १७५ किलोमीटर पोहले. २० पैकी १९ अस्वलांचे वजन घटले, आणि हिंडणाऱ्यांनाही पडून राहणाऱ्यांपेक्षा काही फायदा झाला नाही. दिवसाला सरासरी एक किलो वजन जात होते.

आपल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वले आहेत. ती वारूळ उकरतात, मध खातात, बोरे-जांभळे खातात. एक हंगाम हुकला तर दुसरे काही मिळते. ध्रुवीय अस्वलाचे सारे शरीर सीलच्या चरबीवर बेतलेले आहे. एवढ्या मोठ्या देहाला फळांनी पुरे पडत नाही.

*

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताचे उत्तर ध्रुवाकडचे संशोधन तिथून चालते. १ जुलै २००८ रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंद या वस्तीत ‘हिमाद्री’ हे भारताचे केंद्र सुरू झाले. डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळी मोहीमही सुरू झाली. म्हणजे ध्रुवीय रात्रीच्या अंधारातही आपली माणसे मोजमापे घेऊ लागली.

ही वस्ती मुळात कोळशाच्या खाणीची. १९६२ च्या स्फोटात २१ खाणकामगार दगावले आणि पुढे खाण बंद झाली. आज त्याच जागी अनेक देशांचे शास्त्रज्ञ तापत्या हवेचा अभ्यास करतात. वस्तीबाहेर कामाला जायचे तर अस्वलासाठी बंदूक जवळ ठेवावी लागते आणि ती चालवायचे शिक्षण आधी घ्यावे लागते. घरांची दारे कुलूप न लावता ठेवतात, म्हणजे अस्वल समोर आले तर जवळच्या कुठल्याही घरात शिरता यावे.

*

१९७३ मध्ये ऑस्लोला कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या पाच देशांनी ध्रुवीय अस्वल वाचवण्याचा करार केला. तेव्हा धोका शिकारीचा होता. शीतयुद्धाच्या दिवसांतही हे देश एका जनावरासाठी एकत्र बसले, आणि शिकारीला बराच लगाम बसला. मला या कराराचा फार आधार वाटतो. आताच्या तापमानवाढीच्या धोक्याला मात्र पाच देश पुरणार नाहीत, कारण हवा तापवणारा धूर साऱ्या जगाचा आहे.

*

शेजारचे काका परवा म्हणाले, “गुरुजी, इथं बिबट्या उसात बसलाय, अन् तुम्ही तिकडच्या अस्वलाचं काय घेऊन बसले?”

प्रश्न रास्त आहे. काकांना मी नोवाया झेम्ल्याची हकीकत सांगितली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रशियाच्या त्या बेटांवरच्या एका वस्तीत पन्नासच्या वर अस्वले आली. कचऱ्याच्या ढिगावर चरली, इमारतींत शिरली. आणीबाणी जाहीर करावी लागली, मुलांना शाळेत धाडायला आईबाप भ्यायले. जनावर माणसाच्या दारात येते त्याआधी त्याच्या रानात काहीतरी बिघडलेले असते. काका म्हणाले, “हे मात्र खरं.”

*

नोवाया झेम्ल्याच्या पूर्वेला कारा समुद्र आहे. वास्कोच्या त्या ध्रुवीय केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कारा समुद्रावरचा उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरात मुसळधार पाऊस होणे यांचा संबंध त्यात मांडला आहे. बर्फ गेला की उघडा समुद्र हवेला उष्णता देतो. त्याने वरच्या थरातले वारे वाकतात आणि वायव्य युरोपावर, पुढे आशियावर उंचावर जास्त दाबाचा पट्टा तयार होतो. त्यात अरबी समुद्र तापलेला असेल तर बाष्पाला तोटा नसतो.

संबंध संभवतो, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. कुठल्याही एका पावसाचे खापर कारा समुद्रावर फोडता येणार नाही. पण सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे मका सोंगणीला आलेला, कापसाची बोंडे भरलेली, अद्रक जमिनीत पोसत असलेली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने अतिवृष्टी सोसली. असा पाऊस झाला की कणसांना कोंब फुटतात, बोंडे सडतात, अद्रकीला कंदकूज लागते. उत्तरा-हस्ताच्या पावसाचे एखादे कारण त्या अस्वलाच्या पायाखाली असू शकते, हे कळल्यापासून तो प्रदेश मला परका वाटत नाही.

*

१९७९ पासून आर्क्टिक प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. बर्फ सूर्यप्रकाश परतवतो, काळे पाणी तो पिऊन टाकते, म्हणून एकदा बर्फ सरला की ताप आणखी वाढतो. सप्टेंबर २०१२ मध्ये समुद्रावरचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. उपग्रहांच्या नोंदीतला तो नीचांक.

तरी एक गोष्ट धीर देणारी आहे. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की उन्हाळी बर्फ तापमानाच्या मागोमाग चालतो. जिथून परतताच येणार नाही असा कडा त्यांना त्यात आढळला नाही. धूर कमी केला, तापमान रोखले, तर उरलेला बर्फ टिकतो. जगात आज अंदाजे २६,००० ध्रुवीय अस्वले आहेत. तापमानाचा वाचवलेला प्रत्येक अंश त्यांना शिकारीचे दिवस परत देतो.

*

आमच्या शाळेच्या फळ्यावर दर सप्टेंबरला दोन आकडे शेजारी लिहायचे ठरवले आहे. एक, आर्क्टिकच्या बर्फाचा त्या वर्षीचा नीचांक. दुसरा, आमच्या महसूल मंडळाचा पाऊस, आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीची रेघ तो किती वेळा ओलांडून गेला. आकडे मुलांनीच मिळवायचे, मुलांनीच लिहायचे. चौथीतले मूल दहावी होईतो त्याच्याजवळ सात वर्षांची नोंद असेल. धूर कमी करण्याचे निर्णय पुढे याच मुलांना घ्यायचे आहेत. कशासाठी घ्यायचे, ते त्यांना तोवर ठाऊक असायला हवे.