विरुद्ध

'माणुसकी राहिली नाही' हे वाक्य आम्हा निवृत्तांच्या कट्ट्यावर रोज एकदा तरी होतेच. मला त्याचा आताशा कंटाळा येतो. पूर्वी तरी सगळे आलबेल होते का? वाड्यातल्या विधवा आत्याला दोन वेळचे जेवण मिळायचे, पण मान मिळायचा का, हे आमच्या पिढीने छातीवर हात ठेवून सांगावे! तेव्हा जुन्याचे गोडवे गात नाही.

पण एक गोष्ट टोचते. आईवडिलांना सांभाळा, हे सांगायला कायदा करावा लागला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात ती तरतूद होती, पण म्हातारपणी कोर्टाची पायरी चढणार कोण? म्हणून २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा वेगळा कायदा आला. प्रांताच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करायचा, वकील लावावा लागत नाही, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित. त्या कायद्याने चरितार्थाची रक्कम ठरवली महिन्याला जास्तीत जास्त १० हजार. आईबापाला वाऱ्यावर सोडले तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घरही परत मागता येते. मध्य प्रदेशातल्या एका आईने २०१९ साली मुलाला करून दिलेले बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी रद्द ठरवले. चांगलेच झाले. कायदा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग माणसे अर्ज का करत नाहीत?

आमच्या शेजारच्या वहिनींनी, यजमान गेल्यावर, राहता फ्लॅट मुलाला बक्षीसपत्राने दिला. आता त्यांची कॉट गॅलरीत आहे. जेवणाचे ताट मिळते, पण ते ठेवून जाणारे कोणी बोलत नाही. औषधाला पैसे मागायचा संकोच, म्हणून साखरेच्या गोळ्या एक दिवसाआड घेतात. हे त्यांनी जिन्यात उभ्या उभ्या, हळू आवाजात सांगितले. मुलगा सातवीत माझ्या वर्गात होता. अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ. काय शिकवले मी त्याला, असे मनात येते.... असो.

मीच त्यांना अर्ज लिहून दिला. शाळा सुटली तरी अर्ज लिहून देणे काही सुटलेले नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी तो कागद घेऊन परत आल्या.

"बाई, हे 'विरुद्ध' खोडता येईल का?"

"अहो, त्यापुढे नाव घातल्याशिवाय अर्ज कसा घेतील?"

"त्याच्या हाफिसात कळलं तर? नातीचं लग्नाचं वय झालंय हो. त्याचं नाव नको. नुसतं लिहा, औषधाला पैसे हवेत."

दहा हजारांपर्यंतचा हिशेब मांडणाऱ्या त्या कायद्यात याला कलम नाही. मी पुष्कळ समजावले. त्यांनी कागदाची घडी करून पदराखाली धरली आणि दारापर्यंत जाऊन थांबल्या.

"त्याला एकदा साखर तपासून घ्यायला सांगाल का? आमच्या घराण्यात आहे ती. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

उद्या रविवार. तो घरी असतो. दोन्ही गोष्टी बोलायच्या आहेत, आधी गोळ्यांची.