कांद्यांतील वसंत

गृहशोभेच्या वस्तूंत कांद्याची गणना करावी, असें कोणी सुचविल्यास आमच्या पुष्कळ वाचकभगिनींना हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. कांद्याचें स्थान स्वयंपाकघरांत, आणि तेंहि बारमाही नव्हे, असा आपल्या घरांतील शिरस्ता. आषाढांत कांदेनवमीस भजीं-थालिपिठें करून त्याला एकदां निरोप दिला, कीं चातुर्मास संपेपर्यंत त्याचें नांव काढावयाचें नाहीं. परंतु ज्यास आपण हॉलंड म्हणतों त्या नेदरलंड्स देशांत, जेथें कांहीं वर्षांपासून आमचें बिऱ्हाड आहे, ऐन चातुर्मासांतच बाजार कांद्यांनीं भरून जातो. हे कांदे खाण्याचे नव्हत. ट्यूलिप, हायसिंथ, डॅफोडिल, क्रोकस वगैरे वसंतांत फुलणाऱ्या झाडांचे ते कंद होत. दिसावयास मात्र ते आपल्या नाशिकच्या कांद्याचे सख्खे भाऊबंद. डॅफोडिलचा कंद विषारी असतो. तेव्हां अशा कंदांची पिशवी स्वयंपाकघरांत कदापि ठेवूं नये, एवढी सूचना आरंभींच देऊन ठेवतों.

आम्ही राहतों तें हार्लेम शहर या कंदांच्या व्यापाराचें जुनें केंद्र होय. येथून दक्षिणेकडे लायडनपर्यंत रेताड जमिनीचा जो पट्टा आहे, त्यांतील शेतें एप्रिल महिन्यांत रंगीत पट्ट्यांच्या सतरंजीसारखीं दिसतात. परंतु ट्यूलिप हें फूल मूळचें येथील नव्हे. मध्य आशियांतील डोंगरउतारांवर, जेथें हिवाळा कडक आणि उन्हाळा कोरडा, तेथील तें रानफूल. तुर्कांनीं त्यास आपल्या बागांत मानाचें स्थान दिलें, आणि तेथून १६ व्या शतकांत तें पश्चिम युरोपांत आलें. क्लूसियस नांवाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ सालीं लायडन येथील विद्यापीठाच्या बागेवर आला. त्यानें लावलेल्या कंदांना पुढील वर्षीं फुलें आलीं. पुढें या फुलाचें लोकांना असें वेड लागलें, कीं दुर्मिळ जातीच्या एका कंदाला कुशल कारागिराच्या कित्येक वर्षांच्या मिळकतीहून अधिक किंमत येऊं लागली. आणि १६३७ च्या फेब्रुवारींत तो सारा बाजार एकाएकीं कोसळला. याच कंदांनीं १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, जर्मनांच्या अमलाखालीं येथें भीषण उपासमार झाली तेव्हां, पुष्कळ घरांतील मुलांच्या पोटाला आधार दिला. आमच्या शेजारीणबाईंच्या मातेनेंहि त्या सालीं ते उकडून मुलांना वाढले होते. बाई आजहि एक कंद वाया जाऊं देत नाहींत, त्याचें कारण हेंच असावें.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें मात्र शोभेच्या हौसेनें नव्हे. वडील वारल्यानंतर वाईचा वाडा वाटणींत विकला गेला, आणि मातोश्री वयाच्या ७४ व्या वर्षीं देवांचा डबा घेऊन आमच्याकडे कायमच्या राहावयास आल्या. "जुन्या झाडाची माती बदलूं नये," असें नातलगांनीं आम्हांस स्पष्टच सांगितलें होतें, आणि आमच्या मनांतहि ती धास्ती होतीच. वाड्याच्या परसांत प्राजक्त, तगर, कुंद, सोनटक्का, निशिगंध. सकाळीं परडी भरून फुलें काढल्यावांचून मातोश्रींचा दिवस सुरू होत नसे. येथें नोव्हेंबर लागला, झाडें ओकींबोकीं झालीं, पुढें पुढें तर दुपारीं साडेचारलाच सूर्य मावळूं लागला, आणि तसतसें त्यांचें बोलणेंहि कमी होत गेलें. दुकानांतील फुलें आणून दिलीं तर म्हणत, "हीं केव्हां तोडलेलीं, कोण जाणे! शिळीं फुलें देवाला कशीं वाहूं?" अखेर त्या नुसत्या अक्षताच वाहूं लागल्या. परत जातें, असें त्या एकदांहि म्हणाल्या नाहींत. परत जावयास घर उरलें नव्हतें, हें त्यांना आणि आम्हांला सारखेंच ठाऊक होतें.

अशा वेळीं शेजारीणबाई एके दिवशीं सहा कांचपात्रें आणि सहा हायसिंथचे कंद घेऊन आल्या. हीं पात्रें खालीं फुगीर, मानेशीं आवळलेलीं आणि वर वाटीसारखीं असतात. वरच्या वाटींत कंद बसवावयाचा आणि खालीं पाणी भरावयाचें. मात्र पाणी कंदाच्या बुडाला लागूं द्यावयाचें नाहीं, किंचित् खालीं ठेवावयाचें, नाहींतर कंद कुजतो. हायसिंथच्या कंदांत अळू-सुरणांतल्यासारखेच सूक्ष्म स्फटिक असतात, त्यामुळें हाताला खाज सुटते. इकडील लोक त्यासाठीं हातमोजे घालतात. मातोश्रींनीं अळू चिरतांना लावतात तसें हातांना तेल लावलें आणि कामास बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, परंतु कोणाचें कांहीं अडलें नाहीं.

सहाहि पात्रें मग घरामागील सामानाच्या खोपटांत काळोखांत नेऊन ठेवलीं. तेथें ५ ते ९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, म्हणजे पाणी गोठणार नाहीं इतक्या थंडींत, त्यांना १० ते १२ आठवडे राहावयाचें होतें. मातोश्रींना हें विपरीत वाटलें. "ज्याला फुलवायचें त्याला थंडींत आणि काळोखांत कोंडून कां ठेवायचें?" असें त्यांनीं विचारलें.

हा प्रश्न योग्यच होता, आणि त्याचें उत्तर शास्त्रानें दिलेलें आहे. शरद्ऋतूंत बाजारांतून आपण जो कंद आणतों, त्याच्या पोटांत पुढील वसंताचें फूल आधींच तयार झालेलें असतें. गेल्या वसंतांत पानांनीं जें अन्न करून कंदांत सांठविलें, त्याच्या बळावर उन्हाळ्याच्या दिवसांत, कंद बाहेरून निपचित पडलेला दिसत असतांना, आंत फुलाची घडण होते. हायसिंथचा कंद उभा चिरून पाहिल्यास मधोमध तो चिमुकला तुरा दिसतोहि. परंतु तुरा तयार असला तरी त्याला वर उचलणारा दांडा वाढावयास दीर्घ थंडी लागते. थंडीनें कंदांतील पिठूळ सांठ्याची साखर होऊं लागते, मुळें खालीं उतरतात आणि दांड्यास वाढण्याचें बळ येतें. ती थंडी पुरी मिळाली नाहीं, तर फूल कंदाच्या गळ्याशींच अडकून तेथेंच खुजेपणानें उमलतें. डोंगरउतारावरील हिमाखालीं हजारों वर्षें काढलेल्या वनस्पतीची ती संवय होय. मातोश्रींनीं हें सर्व लक्षपूर्वक ऐकून घेतलें, आणि "म्हणजे थंडी त्यांना बाधत नाहीं, त्यांना ती हवीच असते तर," एवढेंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून अंगावर दोन शाली घेऊन त्या रोज सकाळीं खोपटांत जाऊं लागल्या. कोणत्या पात्रांतलें पाणी उतरलें, कोणाला किती मुळें फुटलीं, हें चहाच्या वेळीं आम्हांस सांगूं लागल्या. घरांत त्यांचा आवाज पुन्हा ऐकूं येऊं लागला तो असा.

जानेवारीच्या अखेरीस पांढऱ्या मुळांनीं पात्रें भरून गेलीं आणि कोंब तीन बोटें वर आले. मग तीं घरांत आणलीं. एकदम उजेडांत अथवा उष्णतेच्या नळाजवळ ठेवूं नयेत. प्रथम थंडशा खोलींत मंद उजेडांत ठेवून मग खिडकीशीं न्यावींत. फूल गळ्याशीं रेंगाळत असेल तर त्यावर कांहीं दिवस कागदाचा शंकु घालण्याची इकडे जुनी चाल आहे; अंधारांत दांडा उजेडाच्या शोधार्थ उंचावतो. मातोश्रींनीं वाण्याच्या पुडीसारखे सहा शंकु वळले. आमच्या धाकट्या कन्येला त्या टोप्यांचें इतकें कौतुक, कीं शाळेंतून आल्याबरोबर ती आधीं त्यांखालीं डोकावून पाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत पहिला पांढरा तुरा उमलला, आणि घरभर असा घमघमाट सुटला, कीं मातोश्री देवघरांतून उठून पाहावयास आल्या. हायसिंथला सुवास आहे, म्हणून तो देवाला चालेल. ट्यूलिप निर्गंध, त्याची जागा बैठकींत, असा त्यांनीं निर्णय दिला. त्यावर नात म्हणाली, "पण आजी, जास्वंदीला कुठें वास असतो? ती गणपतीला कशी चालते?" आजींना उत्तर सांपडलें नाहीं. पुढें मार्चांत तांबडा ट्यूलिप उमलला, तेव्हां तो गणपतीच्या मस्तकीं विराजमान झाला.

आतां सजावटीविषयीं अनुभवाच्या चार गोष्टी. हीं फुलें अनेक रंगांच्या खिचडीपेक्षां एका भांड्यांत एकाच रंगाचीं अधिक खुलतात. पितळी गंगाळांत पिवळे ट्यूलिप, अथवा पसरट थाळ्यांत खडे घालून त्यांत रोवलेले पांढरे नार्सिसस, हीं आमच्या घरांतील दोन उत्तम शोभास्थानें होत. डॅफोडिलच्या दांड्यांतून जो चीक पाझरतो त्यानें ट्यूलिप लौकर माना टाकतात. म्हणून दोन्ही एकत्र ठेवावयाचे असल्यास डॅफोडिल आधीं कांहीं तास निराळ्या पाण्यांत ठेवावे. खोल कुंडी असेल तर तळाशीं ट्यूलिप, त्यावर माती, मग हायसिंथ, पुन्हा माती आणि सर्वांत वर क्रोकस असे थर द्यावे. म्हणजे एका कुंडींत एकामागून एक असे तीन बहर मिळतात.

महाराष्ट्रांतील भगिनींनाहि यांतील कांहीं करून पाहतां येईल. तेथील थंडी हायसिंथला पुरत नाहीं. परंतु कागदी पिशवींत घालून कंद दहाएक आठवडे फ्रिजमध्यें ठेवल्यास काम भागतें. मात्र शेजारीं सफरचंदासारखीं पिकणारीं फळें नकोत, कारण त्यांतून निघणाऱ्या वायूनें कंदांतील फूल आंतल्या आंत जळून जातें. पेपरव्हाइट नांवाच्या नार्सिससला तर थंडीची अटच नाहीं. आणि विलायती कंद न मिळाले तरी काय बिघडलें? आपला भुईचाफा पानांची वाट न पाहतां वसंतांत उघड्या मातींतून थेट फूल काढतो, तो याच धाटणीचा.

बहर संपल्यावर कांचपात्रांतील हायसिंथ टाकून देण्याची येथें सर्रास चाल आहे. केवळ पाण्यावर फुलल्यानें त्याचा सांठा संपलेला असतो. मातोश्रींनीं त्यास साफ नकार दिला, आणि शेजारीणबाईंनींहि त्यांचीच बाजू घेतली. दोघींनीं मिळून ते कंद कुंपणाशीं मातींत पुरले. पुढील वर्षीं त्यांतील दोन मुळींच आले नाहींत, एकाला नुसतीं पानें आलीं, आणि तिघांना विरळ, लहानसे तुरे आले. ते तीन तुरे गुढीपाडव्यास गुढीच्या माळेंत होते. कुंडींतील ट्यूलिप फारसे परतून येत नाहींत. डॅफोडिल मात्र वर्षानुवर्षें वाढत जातात.

आमच्या मतें या सजावटींतील खरें मर्म फुलांच्या दिवसांत नाहीं. तो दोन आठवड्यांचा सोहळा. त्याच्या आधीं तीन महिन्यांचा काळोख आणि त्याच्या मागून सहा आठवड्यांचीं पिवळीं पडत जाणारीं पानें असतात, आणि या दोहोंना घरांत जागा दिल्यावांचून पुढील फूल मिळत नाहीं. तीं पानें दिसावयास केविलवाणीं, परंतु पुढच्या वसंताचें अन्न तींच करीत असतात.

मातोश्रींना येथें येऊन आतां पांच हिवाळे झाले. मे महिन्यांत आमच्या अंगणांत सुकत चाललेल्या पानांचे झुबके सर्वत्र लोळत असतात, आणि येणारीजाणारी मंडळी आम्हांस तीं कापून टाकण्याचा सल्ला देतात. आम्ही तो मातोश्रींच्या कानांवर घालतों. त्या सांगतात, "राहूं द्या. त्यांचें काम अजून संपलेलें नाहीं."