धाव आणि बेगड

बाबा बंडीची चाकं करत. अकोटच्या भोवती सगळी काळी माती, मातीत कपाशी, आणि कपाशी घरी आणायची तर बंडी पाहिजेच. 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्यानंतरच्या हंगामांत अकोटात कापसाच्या बंड्यांच्या रांगा लागत, त्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. हंगाम आला की आमच्या दारात मोडक्या चाकांचा ढीग पडे.

बाबा बाभळीचे आरे तासून तुंब्यात बसवत, चाक उभं करत आणि मग लोहाराला बोलावत. धाव चढवायचा दिवस आम्हा पोरांना सणासारखा वाटे. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती लाकडापेक्षा मुद्दाम जराशी लहान ठेवलेली असे. गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली की दोघंतिघं सांडशीनं उचलून चाकावर बसवत आणि लगेच पाणी ओतत. चर्र आवाज, धूर, आणि आकसणाऱ्या लोखंडाखाली आऱ्यांचे सांधे कटकट वाजत घट्ट होत.

चाक सांगायला कास्तकार आला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "वावर कोणीकडे हाये तुह्यं?" पोपटखेडच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी असेल तर वाट गोट्याची, म्हणजे धाव जाड पाहिजे. चाक दिसायला कसं पाहिजे, हे त्यांनी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

पुढे बंड्यांना रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आले. मी लाकडी चाक केलं ते शेवटचं बाबांच्या हाताखाली. नंतर लेथ घेतला आणि लाटणी, पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे करू लागलो. असंच एकदा कोणी लाकडी पेन करून मागितला, आणि त्याचा नादच लागला.

लाकडी पेनात लाकूड फारच थोडं असतं. तुकड्याला आरपार छिद्र पाडायचं, त्यात पितळेची नळी चिकटवायची, मग लेथवर वरून लाकूड उतरवत न्यायचं. नळीवर शेवटी पातळ साल उरते. टोक, मधली कडी, क्लिप, रिफील वरखाली करणारा भाग हे सगळं तयार मिळतं, ते दाबून बसवायचं. लाकूड आपलं, धातू दुसऱ्याचा. म्हणून मीही धातूकडे फारसं लक्ष दिलं नाही. पार्सल उघडावं, जे चमकेल ते बसवावं.

बाबा गेले तेव्हा गोठ्यामागं त्यांनी केलेल्या शेवटच्या बंडीचं एक चाक पडलेलं होतं. वाळवीनं अर्धं खाल्लेलं. त्यातला एक आरा मात्र धड होता. त्यातून तीन पेन निघाले. एक मी ठेवला, एक धाकट्या भावाला दिला, एक ताईला. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. तिच्या पेनासाठी मी पाकिटावर '24 कॅरेट' छापलेले भाग निवडले. सोन्यात कॅरेट जास्त तितका माल चांगला, एवढंच मला ठाऊक. राखीला दिला तर तिनं तो कपाळाला लावला.

वर्षभरानं तिच्याकडे गेलो. भाचीनं कपाटातून काही काढताना रुमालात बांधलेला पेन खाली पडला. मी उचलला. बोटं धरायची ती टोकाची जागा पांढुरकी पडली होती, एका बाजूला तर आतलं पितळ दिसत होतं. क्लिपची कडही उतरलेली. बाभळीचं लाकूड तेवढं जसंच्या तसं.

"ठेवून कायले दिला ताई?"

"अजून उतरला असता ना बाप्पा. अन् तुले कसं सांगू? बाबाचं लाकूड हाये ते."

तिला वाटलं होतं, तिच्याच हाताचा दोष. खडूची भुकटी, घाम, घाईची लिहिणी. बाबांची शेवटची वस्तू तिनं वापरायची सोडून दिली होती, आणि ती माझ्या निवडीमुळे. अकोटला परत येईपर्यंत मला तेच खात होतं.

मग मी धातूचा अभ्यास केला. एका सराफाला विचारलं, अकोल्यात मुलाम्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे दोन दुपारी बसलो. तो म्हणाला, "मिस्त्री, चोवीस कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं. अन् शुद्ध सोनं नरम." दागिन्यातही म्हणूनच तांबं-चांदी मिसळतात. पेनावर तर ते सोनं एक मायक्रॉनही भरत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे हिशेब करा. रोज घासणाऱ्या बोटाखाली ते किती टिकणार? 10 कॅरेटचा मुलामा, ज्यात 24 भागांत 10 भागच सोनं, तो त्यापेक्षा कडक. पाकिटावरचा मोठा आकडा मी उलटा वाचला होता.

आधी सोनं, त्याखाली निकेल, त्याखाली पितळ. ताईच्या पेनावर तो पांढुरका डाग निकेलचा होता. काहींच्या कातडीला निकेल सोसत नाही, खाज सुटते. म्हणजे सोनं उतरणं ही नुसती दिसण्याची गोष्ट नाही.

जाड थर म्हणजे टिकाऊ, हाही माझा समज तिथं मोडला. मोटारसायकलच्या हँडलवर, नळाच्या तोटीवर जे क्रोम असतं, तो वरचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. पण तो कडक आहे आणि काळा पडत नाही. गंजापासून राखायचं काम त्याच्या खालचं जाड निकेल करतं. चांदीचा मुलामा सुंदर दिसतो, पण हवेतल्या गंधकानं काळवंडतो. जुन्या तांब्या-पितळेसारख्या दिसणाऱ्या भागांवर बहुतेकदा नुसता लाखेसारखा पारदर्शक थर असतो, तो गेला की रंग गेला. ऱ्होडियम उत्तम. पांढऱ्या सोन्याच्या दागिन्यांवर सराफ तेच चढवतात. पण किंमत ऐकून मी हात जोडले.

"मंग ताईले पिवळंच पाहिजे अशीन तर?" मी विचारलं.

तो हसला. "तुमच्या पेटीत पिवळं ड्रिल बीट नाई का?"

होतं की! ज्या पिवळ्या बिटानं मी बाभळीत छिद्रं पाडत होतो, त्यावरचा रंग सोन्याचा नव्हता. तो टायटॅनियम नायट्राइडचा थर. मुलामा द्रावणाच्या हौदात वीज सोडून चढवतात, हा मात्र हवा काढून घेतलेल्या बंद पेटीत चढतो. पोलादापेक्षा कितीतरी कडक. लाकूड आणि पत्रा शेकडो वेळा भोकूनही माझ्या बिटाची धार तेवढी पांढरी पडली होती, अंग पिवळंच होतं. उत्तर वर्षानुवर्षं माझ्या हातात फिरत होतं.

लहानपणी गल्लीत कल्हईवाला येई. भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचा, की भांडं आतून चांदीसारखं. ती कल्हई उतरणार हे सगळ्यांना माहीत असे, आणि तो पुन्हा येणार हेही. पेनाच्या टोकाला कल्हईवाला नाही. एकदा उतरलं की तो भाग बदलायचा, किंवा आधीच विचार करायचा.

भाग बदलणं सोपं नव्हतं. दाबून बसवलेलं टोक आतून सळई घालून ठोकत काढावं लागतं, आणि लाकडाची साल टोकाशी सगळ्यात पातळ असते. तो आरा पुन्हा कुठून आणणार? आधी तीन साधे पेन मोडून हात बसवला. मग एका सकाळी दार लावून ताईचा पेन घेतला. टोक दोन ठोक्यांत निघालं. क्लिपकडचा भाग निघेना. चौथ्या ठोक्याला तो सुटला आणि लाकडाला केसाएवढी चीर गेली. मी हातोडी ठेवून बराच वेळ तसाच बसलो. मग फेविक्विकचा थेंब सोडला, बाभळीचाच भुसा भरला, पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासलं. आत पितळेची नळी होती म्हणून निभावलं. चीर अजून दिसते.

नवे पिवळे भाग बसवले आणि पोळ्याच्या दिवशी तिला नेऊन दिला. दारात पाडव्याचे नाही, पोळ्याचे तोरण होते, आणि शेजारच्या बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली. बेगड एका दिवसाची असते, तिनं दुसऱ्या दिवशी टिकावं असं कोणी म्हणत नाही. मी तशीच बेगड रोजच्या पेनाला लावली होती.

"आता वापरशीन ना?"

"वापरीन. पण हे उतरलं तर?"

"उतरलं तर मले सांगजो. लपवजो नको."

आता कोणी पेन सांगायला आला की मी रंगाचे नमुने आधी काढत नाही. हात पाहतो. घाम फार येतो का, खिशात किल्ल्या असतात का, रोज लिहिणार की कपाटात ठेवणार, हे विचारतो. रोज लिहिणाऱ्याला क्रोम, पिवळंच हवं असेल तर टायटॅनियमवालं. भेट म्हणून देव्हाऱ्यात ठेवायचा असेल तर सोन्याचा मुलामा, आणि तो उतरतो हे सांगून. काही गिऱ्हाइकं वैतागतात. पेनच घ्यायचा आहे, एवढी चौकशी कशाला?

तीन पावसाळे झाले. ताईच्या पेनाचं टोक अजून पिवळं आहे, क्लिपवर एक ओरखडा आहे. लाकूड मात्र तिच्या हातानं काळपट होत चाललंय, बाबांच्या वाकसाच्या दांड्यासारखं.