अर्धी प्लेट

“तीन वर्षांखालचे धरू नका. तीन ते दहा अर्धी प्लेट. पुढचे सगळे पूर्ण.”

भाचीच्या मुलाचा वाढदिवस ठरवायला आम्ही वसई पश्चिमेला एका केटररकडे गेलो होतो. त्याने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्यांदा हे सांगितलं. मेनूचं नंतर. मग विचारलं, “रविवार आहे ना? ब्लॉक आहे का बघून घ्या. बोरिवलीच्या पलीकडचे किती आहेत?” रविवारी रेल्वेचा ब्लॉक असला की लहान मुलं असलेली माणसं आधी गळतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. कडेवर पोर घेऊन विरार गाडीत चढायला रविवारीही सगळे धजत नाहीत. आलेले पाहुणेसुद्धा परतीच्या गाडीकडे डोळा ठेवून जेवतात, गोड टाळून निघतात. हा माणूस जेवणाचा अंदाज वेळापत्रकावरून बांधत होता. मला तो फार आवडला.

अर्ध्या प्लेटचा हिशेबही रेल्वेशी जुळणारा. लोकलमध्ये पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. आमच्या लहानपणी ‘अर्धं’ हा आमचा हुद्दाच होता. अर्धं तिकीट, अर्धा कप चहा, अर्धी पोळी, आणि बसायला कुणाची तरी मांडी. त्यात कमीपणा नव्हता. आपल्याला कुणीतरी मोजलंय एवढं समाधान पुरायचं.

मुलाच्या एका जेवणाचं माप सरकारने मात्र ग्रॅममध्ये लिहून ठेवलं आहे. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५. शंभर ग्रॅम तांदळाचा भात शिजला की लहान ताट भरतं. पण हे माप सकाळी पाड्यावरून चालत शाळेत आलेल्या मुलाचं आहे. वाढदिवसाला येणारं मूल दुपारी झोपून, दूध पिऊन, नवे कपडे घालून येतं. ते केकवरचं क्रीम चाटतं, दोन वेफर्स खातं, सरबताचे तीन घोट घेतं आणि फुग्यांकडे पळतं. त्याच्या हातातली भरलेली प्लेट आई धरून उभी राहते आणि शेवटी पिंपात टाकते.

१ ऑगस्ट २०१४ पासून वसई-विरार आणि अशा पाड्यांचे जव्हार-मोखाडा एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हाच होता. आज तिथल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडं दिलं जातं, अंडं न खाणाऱ्यांना केळी. हॉलच्या मागच्या दाराशी पिंपात पडलेले पाव पाहिले की मला ते अंडं आठवतं. आठवू नये असं मला वाटतही नाही.

जुलैत जन्मलेल्या मुलांचा वाढदिवस वसईत पावसाच्या हाती असतो. आमच्या इमारतीतल्या एका मुलीला १० जुलै २०१८ रोजी पाच वर्षं पूर्ण होणार होती. मंगळवार होता. साठ माणसांना बोलावणं गेलं होतं. आईने पावभाजी घरीच करायची ठरवली होती. मैत्रिणी मदतीला येणार होत्या, बटाटे, फ्लॉवर, मटार आदल्या दोन दिवसांत आणून झाले होते, पावाच्या लाद्या सोमवारीच घेऊन ठेवल्या होत्या. पाऊस शनिवारपासून थांबलाच नव्हता. सोमवारी रस्ता दिसेनासा झाला, तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं, वीज गेली. मंगळवारी नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली होते, लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे अडकल्या होत्या आणि प्रवाशांना सोडवायला एनडीआरएफचे जवान आले होते. मिठागरातल्या वस्तीतही माणसं अडकली होती. हे सगळं आम्हाला कुणाच्या तरी उरलेल्या मोबाइल बॅटरीवरून तुकड्यातुकड्याने कळत होतं.

फ्रिज बंद, मटार नासणार. मुलीच्या आईने सकाळीच मोठ्या पातेल्यात भाजी चढवली. सिलिंडर होता, तेवढी चैन होती. बटाटे कुस्करायला तळमजल्यावरच्या दोघी बसल्या, कारण त्यांची घरं पाण्यात होती आणि हाताला काही काम हवं होतं. केकची ऑर्डर जिथे दिली होती ते दुकानच गुडघाभर पाण्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला मीठ पसरलं आणि रव्याचा केक लावला. साखर कमी पडली तेव्हा तीन घरांतून वाटीवाटीने आली. वर लावायला छोट्या रंगीत मेणबत्त्या होत्या, पण घरातल्या मोठ्या पांढऱ्या मेणबत्तीवाचून काही दिसत नव्हतं, म्हणून मुलीने दोन्ही फुंकल्या आणि मोठी पुन्हा पेटवावी लागली.

बोलावलेल्यांपैकी कुणी आलं नाही. जेवले ते तळमजल्यावरचे, वॉचमन आणि त्याची बायको-मुलं, रुळांवरून चालत आलेल्या आणि जिन्यात थांबलेल्या दोन अनोळखी बायका, आणि आम्ही सगळे. मुलांना त्या दिवशी खरी भूक होती. आदल्या रात्री अनेकांच्या घरी खिचडीवरच भागलं होतं, दूध आलंच नव्हतं. दुपारी जेवलेली मुलं संध्याकाळी पुन्हा जेवली, आणि अंधारात भीती वाटते म्हणून जागी राहिली तेव्हा तिसऱ्यांदाही. पाव संपले तशी आजींनी भात टाकला. भाजी भातावर घेतली, ती छान लागली. किती माणसं जेवली हे कुणी मोजलं नाही. अर्धं कुणी आणि पूर्ण कुणी, हा प्रश्नच निघाला नाही. सगळ्या मुलांना जिन्याच्या पायऱ्यांवर बसवलं होतं आणि मुलीची आई पातेलं घेऊन वरून खाली, खालून वर फिरत होती. ज्याची ताटली रिकामी दिसेल त्याला एक डाव. ती मुलगी आता मोठी झाली आहे. वाढदिवस कुठला आवडला विचारलं तर जिन्यातला सांगते.

माझ्या आईच्या पिढीने मात्र जेवणावर सरकारी मर्यादाही पाहिल्या. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायचं आवाहन केलं, आणि अनेक घरांत सोमवारची रात्रीची चूल थंड राहू लागली. त्या टंचाईच्या वर्षांत किती पाहुण्यांना अन्न वाढायचं यावरही बंधन असायचं. लग्नात आइस्क्रीमची वडी आणि सरबत देऊन लोकांना निरोप दिल्याचं आई सांगायची. तिला त्यात उणेपणा वाटला नव्हता. माणसं आली, बसली, बोलली, गेली.

बुफे मला आवडत नाही, हे सांगून टाकतो. एकाच प्लेटमध्ये नूडल्स, पनीर आणि जिलेबी एकमेकांत मिसळलेली पाहवत नाहीत. पंगतीत मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, भाताची मूद मध्ये. प्रत्येकाला आपली जागा असायची. त्याहून महत्त्वाचा असायचा वाढपी. चांगला वाढपी पानाकडे आणि तोंडाकडे एकदम पाहतो. कुणी लाजून नको म्हणतंय आणि कुणी खरंच पोट भरल्यामुळे, हे त्याला कळतं. पंगतीतला आग्रह पुष्कळदा अतिरेकी होता, त्यानेही पानं उष्टी राहायची, तो गेला याचं मला दुःख नाही. पण पाहणारं माणूस गेलं, ते परत यायला हवं. वसईत तर केळीचं पान शोधायला लांब जावं लागत नाही. आणि मुलांना घरी जाताना प्लास्टिकची खेळणी देण्याऐवजी केळीच्या सोपटात गुंडाळलेली दोन-दोन सुकेळी दिली तर? राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी म्हणजे वसईचा खरा खाऊ, आणि ती करणारी घरं आता थोडी राहिली आहेत.

म्हणून केटररला मुलांचा आकडा नीट द्या, पण भरलेली प्लेट मुलाच्या हातात देऊ नका. एक पाव, डावभर भाजी. मागितलं की पुन्हा, आणि पुन्हा. घरातलं एक मोठं माणूस तेवढ्याच कामाला लावा. मोठ्यांसाठी चार पदार्थ करा, पण ते पोटभर करा. उरेल असं दिसलं की हॉल रिकामा व्हायची वाट पाहू नका. गरम असतानाच डबे भरा आणि वॉचमनकडे, शेजारच्या बांधकामावरच्या कुटुंबांकडे पाठवून द्या. आपल्या हवेत पावभाजी सकाळपर्यंत टिकत नाही.