पंचवीस पिल्लं आणि चार आणे

"कोंबड्याच द्या हं, कोंबडे नकोत," असं मी दुकानदाराला अगदी बजावून सांगितलं आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. एक म्हातारबुवा तर तोंडावर उपरणं धरून हसले. दुकानदार मात्र भला माणूस. म्हणाला, "ताई, एका दिवसाच्या पिल्लात नर कोणता नि मादी कोणती, हे मलाही सांगता यायचं नाही. निम्मे निम्मे धरून चला." मी बी. ए. झालेली, शाळेत मुलांना इतिहास शिकवणारी बाई. निमूटपणे पंचवीस पिल्लांचे पैसे मोजले.

ही गोष्ट जानेवारी २०२४ मधली. संक्रांत नुकतीच झाली होती. रिसोडला ढेप-सरकी विकणारं एक दुकान आहे, तिथे आगाऊ नाव नोंदवलं की पिल्लं मिळतात. तेव्हा भाव होता ३५ रुपयांना एक. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं येतं, आत चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात पंचवीस पिल्लं. त्यातला एक कप्पा माझा. दुकानदारानं तो दुसऱ्या खोक्यात रिकामा केला, तेव्हा वाटलं, ओंजळभर पिवळा कापूसच कुणी ओतला. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा शेवटचा भाग गेलेला असतो. त्यावर ते दोन-अडीच दिवस काही न खाता तग धरतं, म्हणूनच इतक्या लांबून गाडीनं येऊ शकतं.

आता हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं कसं, तेही सांगते. मी तासिका तत्त्वावर शिकवते. दिवाळीनंतर मानधन आलंच नव्हतं. ह्यांच्याकडे पैसे मागितले तर हे देतात, नाही असं कधीच म्हणाले नाहीत. पण देताना "कशाला?" म्हणून विचारतात. साधाच प्रश्न. तरी साबणाच्या वडीलाही "कशाला?" आणि माहेरी जाण्याच्या तिकिटालाही "कशाला?" ऐकलं की घशात काहीतरी अडकतं. म्हटलं, चार कोंबड्या असत्या तर अंड्यांचे पैसे तरी आपले झाले असते.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "सांगलीकडे कडकनाथच्या नावानं लोकांचे किती पैसे बुडाले, विसरलीस?" ते खरंच होतं. २०१९ साली ते प्रकरण फार गाजलं होतं. पण त्यात बिचाऱ्या कडकनाथचा काय दोष? ती झाबुआची काळी कोंबडी आपल्या जागी चांगलीच आहे. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला तर कडकनाथ नकोच होती. मी घेतली ती वनराजा. हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेनं ही जात मुद्दाम परसातल्या कोंबडीपालनासाठी तयार केली आहे. मी ह्यांना एवढंच म्हटलं, "गुंतवणूक नाही हो, पंचवीस पिल्लं आहेत." ह्यांनी हात जोडले.

सासूबाई मात्र काहीच बोलल्या नाहीत. माळ्यावरचं जुनं डालगं काढून त्यांनी ते उन्हात ठेवलं.

पहिल्या रात्रीचं सांगायला अजून जड जातं. मी सगळं वाचून तयारी केली होती. खोक्यात गव्हाचं कुटार अंथरून वर कागद पसरला, कारण पहिले दोन दिवस पिल्लं कुटारच खात सुटतात. पण नुसता गुळगुळीत कागदही नको, पाय घसरून फाकतात, म्हणून कागदावर गोणपाटाचा तुकडा. पसरट ताटलीत गुळाचं पाणी, त्यात बुडू नयेत म्हणून चार खडे. आणि ऊब मिळावी म्हणून वर दिवा टांगला. खोकं दुधासारख्या उजेडानं नुसतं भरून गेलं. मी समाधानानं झोपायला गेले.

सकाळी पाहते तर सगळी पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करून बसलेली. ढीग हलवला, तर खालची सहा चिरडून मेलेली.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दिव्याला हात लावून पाहिला, चांगला धरून ठेवला. "काहून वं, ह्या उजेडात ऊबच नाही," त्या म्हणाल्या. "याले हात लावून पाहिला होता का तू?"

नव्हता पाहिला. मी टांगला होता तो एलईडीचा दिवा. तो वीज कमी खातो याचं कारणच हे, की जुन्या बल्बासारखी तो वीज उष्णतेत दवडत नाही. पुस्तकात 'बल्ब लावावा' एवढंच होतं. ज्या काळात ते लिहिलं गेलं, तेव्हा बल्ब म्हणजे हात भाजणारा पिवळा बल्बच. पिल्लांना पहिल्या आठवड्यात जवळजवळ ३५ अंश सेल्सियस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी केली तरी चालते. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे अंगणातल्या बादलीत हात घालवत नव्हता. कुणी मैत्रीण पिल्लं आणणार असेल तर एवढं लक्षात ठेवावं : पिल्लं ढीग करून बसली तर ती गारठलीत, दिव्यापासून लांब पळून चोच उघडून धापा टाकताहेत तर ऊब जास्त झाली, आणि खोकंभर पांगून दाणे टिपताहेत तर ठीक. थर्मामीटरही लागत नाही.

मग पिवळ्या बल्बाचा शोध सुरू झाला. तीन दुकानांत "आता कोण घेतं ते?" असं ऐकलं, चौथ्यानं शिडी लावून वरच्या फळीवरचा धुळकट डबा उतरवला. शंभराचा एकच बल्ब होता. तो घेऊन घरी आले, लावला, आणि रात्री नऊला लाइटच गेली. त्या रात्रीत आणखी दोन गेली. उरली सतरा.

मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेतलं. सासूबाईंना कळलंच. "कायले रडतं? त्याइले माय पायजे, माय," असं म्हणून त्या डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडल्या आणि शेजारच्या मावशींची खुडूक कोंबडी काखेत मारून घेऊन आल्या. खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबलेली असते, नुसतं उबवायला बसायचं तिच्या मनात असतं. सासूबाईंनी तिच्या पिसांत राख चोळली, म्हणजे उवा-पिसवा पिल्लांवर चढू नयेत. लाइट नसलेल्या काळोखात तिला डालग्याखाली बसवलं आणि एकेक पिल्लू हळूच तिच्या पोटाखाली सरकवलं. हे रात्रीच करायचं असतं. दिवसा केलं तर ती ओळखते नि टोचून काढते. पौषातल्या थंडीत एका गावरान कोंबडीच्या पंखांखाली दहा-अकराच मावतात. उरलेली सहा खोक्यात ठेवली आणि शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. दर दोन तासांनी उठून मी पाणी बदललं.

त्याच रात्री, चुलीपाशी पाणी तापताना, सासूबाई बोलत बसल्या. लग्नाला दहा वर्षं झाली, पण मला हे ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे एकेकाळी चाळीस कोंबड्या होत्या. ह्यांची दहावीची फी, नणंदेच्या पायातल्या तोरड्या, सगळं अंड्यांतून झालेलं. पैसे ज्वारीच्या कोठीतल्या एका पितळी डब्यात असत. मामंजी विचारीत, "डब्यात किती आहेत?" आणि ह्या म्हणत, "असतीन चार आणे." डब्यात कधी दोनशेही असत. मग २००६ साली तिकडे नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातली ती पहिलीच साथ. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. आमच्या गावात रोगाचा मागमूस नव्हता, पण माणसं धास्तावली. घरच्या पुरुषांनी दोन दिवसांत सगळ्या कोंबड्या फुंकून टाकल्या. मिळेल त्या भावानं, काही तर फुकटच. "मले कोनं इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

सकाळी सतराच्या सतरा जिवंत होती. कोंबडी डालग्याखालून गुरगुरत होती.

सातव्या दिवशी लासोटाची लस. मानमोडी म्हणजे राणीखेत, तिच्यासाठी ही द्यावीच लागते, नाहीतर एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. पण लसीची बाटली निदान शंभर पक्ष्यांची येते. फोडली की दोनेक तासांत संपवायची, नाहीतर वाया. माझी तर सतराच. सासूबाईंनी दुपारी सगळ्या गल्लीत निरोप फिरवला. मी थर्मासात बर्फ घालून लस आणली. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर आम्ही दोघी घरोघर फिरलो. सासूबाई कोंबडी धरायच्या, मी तिच्या डोळ्यात एक थेंब सोडायची, ती डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायची, मग पुढची. बाया हसत होत्या, "बाई आता कोंबड्यायची शाळा घेते का?" एका घरी मात्र लहानगी सून दाराआडून म्हणाली, "ताई, आमच्या चार आहेत, पण पैसे नाहीत माझ्याजवळ." मी म्हटलं, बाटली फोडलेलीच आहे, आण. त्या संध्याकाळी चौऱ्याण्णव झाल्या. पुढे आठव्या आठवड्यातली दुसरी लस बायांनीच वर्गणी काढून आणवली.

मधल्या चार महिन्यांत सांगण्यासारखं थोडं. एक पिल्लू मांजरानं नेलं. आमच्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीन काही कमी नाही, म्हणून मी घरचंच कच्चं सोयाबीन भरडून घालायला निघाले होते. शेजारच्या करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे विचारलं म्हणून बरं झालं. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचूच देत नाही, आधी चांगलं भाजावं लागतं, नाहीतर पक्षी खातो नि खुरटतो.

सोळांत नऊ कोंबडे निघाले! दुकानातले म्हातारबुवा आठवले. वैशाखापर्यंत त्यांचे लाल तुरे वर आले आणि पहाटे चारपासून बांगांची चढाओढ. आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांनी सगळ्यात रुबाबदार कोंबड्याचं नाव हवालदार ठेवलं. आषाढ लागला, आखाडीची गिऱ्हाइकं दारात येऊ लागली. चिरंजीव पायरीवर बसून राहिले, जेवेनात. शेवटी आठ विकले आणि हवालदार राहिला. सात कोंबड्यांत एक कोंबडा लागतोच, असं मी ह्यांना पटवलं. त्याला मात्र खोटं सांगितलं नाही. "बाकीचे कुठे गेले?" विचारलं तेव्हा सांगितलं, खायला गेले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आठांचे ३२०० आले. पिल्लं, सुरुवातीचं खाद्य, लस, बल्ब, सगळं वजा जाता साधारण १३०० उरले. ज्वारी घरची, आणि माझी जागरणं कुठल्याच खात्यात धरलेली नाहीत.

आणि पहिलं अंडं आलं ते श्रावणात! घरात कुणी खाणारं नाही. सासूबाईंनी ते ज्वारीत पुरून ठेवलं आणि रोज काढून पाहायच्या. ह्या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण खुडूक फारशा होत नाहीत. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. "हे कशी वं माय?" म्हणतात. पिल्लं काढायची तर अंडी घेऊन मावशींच्याच कोंबडीकडे जावं लागतं.

२०२५ च्या सुरुवातीला आमच्याच जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात बर्ड फ्लू निघाला. हे संध्याकाळी घरी आले ते बातमी घेऊनच. "काढून टाकू सगळ्या. उगाच धोका कशाला?" तोच प्रश्न. मी बोलायच्या आधी सासूबाई उठून खुराड्याच्या दाराशी जाऊन बसल्या. "इचारलं का मले?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मी ह्यांना समजावलं की साथ निघाली की दहा किलोमीटरचा परिसर निगराणीखाली घेतात, आपण त्याच्या कितीतरी बाहेर. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या नाहीत, दाणा-पाणी आतच, बाहेरच्या पाखरांना जवळ येऊ द्यायचं नाही, हात साबणानं धुवायचे. कुठे मरतूक दिसलीच तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. अंडी-मटण नीट शिजवलं तर भीती नाही. तीन आठवडे आम्ही खुराड्याला गोणपाटाचा पडदा लावून ठेवला. एकही दगावली नाही.

पेरणीच्या दिवसांत एकदा हे घाईघाईनं आत आले. "आई, त्या डब्यात पाचशे रुपये असतील का? बियाण्याला कमी पडताहेत."

मी भाकरी थापत होते. डब्यात किती होते ते मला ठाऊक होतं, आदल्याच रात्री आम्ही दोघींनी मोजले होते. सासूबाई गहू निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुपाकडे.

"कायले?" त्यांनी विचारलं. आणि मग म्हणाल्या, "पैसे कुठचे रे बाप्पा. असतीन चार आणे."