खुर्ची मुंबईतली, खाट घरातली

जून २०२२ मधले ते दिवस आठवतात. २० जूनच्या विधान परिषद मतदानानंतर एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेला गेले, तेथून गुवाहाटीला. २९ तारखेच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि ३० जूनला शिंदे यांचा शपथविधी झाला. परभणीतील माझ्या दवाखान्यातही त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. खरे सांगायचे तर दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मीही मोबाईलच पाहत होतो.

त्याच आठवड्यात एका निवृत्त गुरुजींच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. वय ८३. पत्नी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची सारी शुश्रूषा गुरुजीच करीत. दूरचित्रवाणी मोठ्या आवाजात चालू होती. गुरुजींचा चेहरा लालबुंद. आदल्या रात्री याच विषयावरून धाकट्या भावाशी फोनवर कडाक्याचे भांडण झाले होते. रक्तदाब मोजला, तो १७८/१०० भरला.

"डॉक्टरसाहेब, गोळी वाढवू का?"

"गुरुजी, आधी हे बंद करू," मी म्हणालो. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून त्यांना दहा मिनिटे स्वस्थ बसविले. पुन्हा मोजला, तेव्हा १५४/९०. राग आणि धास्ती यांमुळे शरीरात ॲड्रेनॅलिन स्रवते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. अशा वेळच्या एकाच आकड्यावरून स्वतःच्या मनाने गोळी वाढविल्यास पुढे चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. उरलेला रक्तदाबही जास्तच होता. म्हणून सकाळ-संध्याकाळ मोजून आठवडाभराची नोंद आणण्यास सांगितले.

मग काकूंना तपासले. माकडहाडावरची त्वचा लाल झाली होती. बोटाने दाबूनही लाली जाईना. शय्याव्रणाची ती पहिली खूण. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा इतक्या वर्षांचा नेम बातम्यांच्या नादात चुकला होता. काकू अडखळत म्हणाल्या, "अहो, तिकडं कुणी का खुर्चीत बसंना, मला जरा उठवून बसवा."

गुरुजींचे डोळे भरून आले. माझीही मान खाली गेली.

राजकारणात रस घेऊ नये, असे मी कधीच म्हणणार नाही. मत असावे, मतदानही करावे. परंतु गुरुजींच्या पिढीने याहून मोठी स्थित्यंतरे पाहिली आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. घर तेच राहिले, राज्ये तीन झाली. त्या प्रत्येक दिवशीही कुणीतरी आजाऱ्याला वेळेवर पाणी पाजले असेलच.

म्हणून आम्ही एक साधा क्रम ठरविला. बातम्या दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, झोपण्यापूर्वी नाहीत. गोळ्या आणि कूस बदलण्याच्या वेळा भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहायच्या. वाद तापू लागला, तर "उद्या बोलू" म्हणून उठायचे. मात्र छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती अचानक जाणे ही लक्षणे 'ताणामुळे असेल' म्हणून अंगावर काढायची नाहीत. लगेच १०८ ला फोन करायचा.

लाली काही दिवसांत ओसरली. जखम झाली नाही. भावाला फोन करायला गुरुजींना मात्र तीन आठवडे लागले. तो आला, आणि रात्रीची एक पाळी त्याने आपणहून घेतली. दोघांची मते आजही वेगळीच आहेत.

पुढच्या वर्षी, २ जुलै २०२३ रोजी, अजित पवार सरकारात सामील झाले आणि पुन्हा एकच गलका उडाला. काळजीने मी गुरुजींना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "संध्याकाळी पाहीन, डॉक्टरसाहेब. आत्ता हिची कूस बदलायची वेळ झाली आहे."

मीही मोबाईल खिशात ठेवला आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.